जंगलाचा हिशेब, हातांचा मोबदला

जंगल तोडून मिळवलेला माल आमच्या बाजारात नको, असा कायदा युरोपीय संघाने २०२३ साली केला. त्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली. सध्याच्या वेळापत्रकाप्रमाणे मोठ्या आणि मध्यम कंपन्यांना तो ३० डिसेंबर २०२६ पासून, तर लहान व्यावसायिकांना ३० जून २०२७ पासून लागू होणार आहे. गुरे, लाकूड, कोको, कॉफी, पामतेल, रबर आणि सोयाबीन या सात जिनसा त्याच्या कक्षेत येतात. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल साफ केलेल्या जमिनीवरचा माल असेल, तर तो युरोपात विकता येणार नाही. माल कुठल्या जमिनीवरून आला ते अक्षांश-रेखांशांसह नोंदवायचे आणि तो त्या देशाच्या कायद्यांनुसार मिळवला आहे याची हमी द्यायची, ही जबाबदारी माल बाजारात आणणाऱ्या कंपनीची. ती टाळली तर दंड कंपनीच्या युरोपातल्या वार्षिक उलाढालीच्या चार टक्क्यांच्या घरात जाऊ शकतो.

कायदा चांगला आहे आणि तो आणखी पुढे ढकलला जाऊ नये. मात्र तो अर्धाच हिशेब मागतो. जंगल तुटले की नाही, हे त्याला कळते. जंगल ज्याने राखले त्याच्या हातात काय पडले, हे त्याला कळत नाही. हा उरलेला अर्धा हिशेब महाराष्ट्राने मांडला पाहिजे. त्यासाठी लागणारे अनुभव आणि संस्था आपल्याच राज्यात आहेत, काही तर पुण्याच्या दारात आहेत.

महागड्या वस्तूंच्या ब्रँडांना या कायद्याची धास्ती का वाटते, हे ब्राझीलच्या गुरांकडे पाहिले की समजते. तिथे वासरू एका कुरणावर जन्मते, दुसऱ्या कुरणावर वाढते आणि कत्तलखान्यात जाण्याआधी काही महिने तिसऱ्या कुरणावर पोसले जाते. अ‍ॅमेझॉनच्या तोडीवरून बोभाटा झाल्यावर २००९ साली मोठ्या कत्तलखान्यांनी जंगल तोडणाऱ्यांकडून गुरे न घेण्याची कबुली दिली. पण तपासणी झाली ती शेवटच्या कुरणाची. पहिली दोन कुरणे कागदावर आलीच नाहीत. जंगल जाळून केलेल्या कुरणावर वासरू वाढवायचे आणि शेवटी ते स्वच्छ कागदपत्रांच्या कुरणावरून विकायचे, अशी वाट त्यातून पडली. अर्थसाइट या ब्रिटिश संस्थेने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात पारा राज्यातल्या अशा गुरांच्या चामड्याचा माग काढला. तो इटलीच्या व्हेनेतो भागातल्या टॅनरींपर्यंत आणि तिथून नामांकित बॅगांच्या ब्रँडांपर्यंत जाऊन पोचला. त्यातली काही गुरे आदिवासींसाठी राखीव असलेल्या अपितेरेवा भूभागात बेकायदा चारलेली होती, असे अहवाल सांगतो.

चामडे हे मांसाच्या धंद्यातले दुय्यम उत्पन्न आहे, गुरे काही चामड्यासाठी पाळली जात नाहीत, असा बचाव या उद्योगाकडून वर्षानुवर्षे केला जातो. तो पटण्यासारखा नाही. कातड्याला किंमत येते, ती कत्तलखान्याच्या जमेत पडते आणि जंगल साफ करण्याचा धंदा तेवढा जास्त फायद्याचा होतो. हजारो युरोंना बॅग विकणाऱ्याला गाय कुठे चरली हे शोधणे परवडत नाही, हे म्हणणे मान्य करता येणार नाही. शिलाईचा टाका टाका तपासणारी कंपनी कुरणही तपासू शकते.

आता आपल्या दाराशी येऊ. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल मांडली आणि महाराष्ट्रात संताप उसळला. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. टीकेनंतर कंपनीने चपलेचे मूळ मान्य केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकचे लिडकार यांच्याशी तिने करार केला. दोन्ही राज्यांत सुमारे २,००० जोड तयार करून जगभरातल्या दुकानांत विकायचे, असे ठरले. एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपयांहून अधिक. कारागिरांच्या प्रशिक्षणाचाही करारात समावेश आहे. नक्कल करून निघून जाण्यापेक्षा हे निश्चितच बरे, आणि त्याचे स्वागत केले पाहिजे.

पण याच चपलेवर तो युरोपीय कायदा ठेवून पाहिला, तर त्याचे अपुरेपण दिसते. कायद्याच्या मूळ यादीत कच्चे कातडे आहे, कमावलेले चामडे आहे. तयार चप्पल, तयार बॅग, तयार पट्टा मात्र नाही. इटलीतल्या टॅनरीने बाहेरून कातडे आणले तर तिला हिशेब द्यावा लागेल. तेच चामडे बाहेरच्या देशात शिवून तयार वस्तू म्हणून युरोपात आणले, तर ते या जाळ्यातून सुटते. ज्या वस्तूवर सर्वांत जास्त नफा, तीच मोकळी, ही पळवाट बुजवायलाच हवी. तयार चप्पल यादीत आली तर कोल्हापूरला घाबरण्याचे कारण नाही, कारण कोल्हापुरीइतकी जंगलाला न ओरबाडणारी चामड्याची वस्तू जगात थोडीच असेल.

कोल्हापुरीचे चामडे मुख्यतः म्हशीचे. हे जनावर शेतकऱ्याच्या गोठ्यात कडबा आणि उसाचे वाढे खाऊन वाढते. त्याच्यासाठी कुणी शेकडो एकर जंगल जाळलेले नसते. कातडे कमावण्याची जुनी पद्धत बाभळीच्या सालीची आणि हिरड्याची. पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजाने हे काम केले, चर्मकार समाजाने त्या चामड्यातून कापशी, पायताण, कुरुंदवाडी असे घाट घडवले. क्रोमच्या रसायनांशिवाय कमावलेले हे चामडे पायाला आणि मातीला दोन्हींना मानवते. या व्यवहारात जंगल येते ते हिरड्याच्या रूपाने, आणि हिरडा मिळवायला झाड पाडावे लागत नाही. उलट झाड उभे असेल तरच पुढच्या वर्षी फळ.

मग अडते कुठे? पुरावा ठेवण्यापाशी. २०२४ पासून महाराष्ट्रात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करू नये असा शासनाचा नियम आहे. बारा आकडी क्रमांकावर जनावर कुणाचे, कुठल्या गावचे, हे कळते. पण जनावर मेले किंवा कापले गेले की तो क्रमांक तिथेच संपतो आणि कातडे बेनामी होते. पुढे ते व्यापाऱ्याकडे, तिथून टॅनरीत, तिथून कारागिराच्या घरी जाते. आता बरेचसे चामडे बाहेरच्या राज्यांतून, विशेषतः तमिळनाडूतून येते. घरात बसून वेणी घालणाऱ्या बाईला आणि तळ कापणाऱ्या तिच्या नवऱ्याला हे चामडे कुठल्या गोठ्यातले, हे सांगता येणार नाही. तो त्यांचा दोष नव्हे. त्यांना ते कुणी कधी सांगितलेलेच नाही.

इथेच मोठा धोका आहे. परदेशी खरेदीदार कायद्याची वाट पाहत बसत नाहीत. त्यांच्या प्रश्नावल्या आधी येतात. त्या भरायला इंग्रजी येणारा माणूस, संगणक, नकाशा आणि तपासनीसाची फी लागते. हे ज्याच्याकडे आहे तो मोठा कारखानदार शुद्ध ठरतो. ज्याच्याकडे नाही तो घरगुती कारागीर खऱ्या अर्थाने निर्दोष असूनही यादीतून गळतो. कॉफीसाठी कॉफी बोर्ड आणि रबरासाठी रबर बोर्ड या कायद्याच्या तयारीत उतरले. बागांचे नकाशे आणि उत्पादकांची नोंदणी यांचे काम त्यांनी हाती घेतले. चर्मकार आणि हिरडा वेचणारा यांच्यामागे असे बोर्ड उभे नाही. केवळ कागद नाही म्हणून सर्वांत स्वच्छ माल बाजाराबाहेर राहिला, तर त्या कायद्याचा हेतूच हरला असे म्हणावे लागेल.

पुणे जिल्ह्याचा पश्चिम पट्टा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जुन्नर, आंबेगाव आणि खेड तालुक्यांच्या डोंगराळ भागातल्या महादेव कोळी कुटुंबांचे उन्हाळ्यातले रोख उत्पन्न म्हणजे हिरडा. कोवळा बाळहिरडा औषधांसाठी जातो, पिकलेला हिरडा रंगासाठी आणि चामडे कमावण्यासाठी. झाडावर चढून झोडायचा, गोळा करायचा, अंगणात वाळवायचा आणि मिळेल त्या दराला व्यापाऱ्याला घालायचा. आदिवासी विकास महामंडळाची खरेदी नियमित झाली तर दर बरा मिळतो, ती थांबली की व्यापारी म्हणेल तो दर. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातली हिरड्याची झाडे मोडली, तेव्हा भरपाईसाठी या कुटुंबांना दीर्घकाळ झगडावे लागले. द्राक्षबाग कोसळली तर पंचनाम्याची रीत ठरलेली आहे. जंगलातले झाड कोसळले तर नुकसान कुणाचे, हे सरकारी यंत्रणेला ठाऊकच नव्हते. जंगलावर जगणाऱ्याला आपण उत्पादक मानतच नाही, याचा तो पुरावा होता.

तो उत्पादक मानला तर काय होते, हेही याच डोंगरांत पाहायला मिळाले आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने भीमाशंकर परिसरातला हिरडा आणि कोकणात संगमेश्वर भागातला बेहडा यांना फेअरवाइल्ड हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवून दिले. रानातून वेचलेल्या वनस्पतींसाठीच हे प्रमाणपत्र असते. किती फळ घ्यायचे, किती झाडावर ठेवायचे, वेचणाऱ्याला काय द्यायचे, हे सगळे त्यात तपासले जाते. पुक्का हर्ब्ज ही ब्रिटनची हर्बल चहा करणारी कंपनी हा माल घेऊ लागली. संगमेश्वरकडची रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक जंगले खाजगी मालकीची आहेत. तिथे जुना बेहडा म्हणजे लाकूडतोड्याला विकायचे झाड. त्याच बेहड्याच्या ढोलीत महाधनेश घरटे करतो. फळाला चांगला दर मिळू लागला तेव्हा मालकाला झाड उभे ठेवण्यात फायदा दिसला आणि पक्ष्याचे घरही वाचले. परदेशी ग्राहकाच्या पैशातला वाटा थेट वेचणाऱ्यापर्यंत आला, म्हणून हे जमले. नुसत्या बंदीने ते जमले नसते.

माग ठेवण्याचे काम गावाला जमणार नाही, ही शंका तर महाराष्ट्राने कधीच खोटी ठरवली आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच लागे. गावाने त्यासाठी चिकाटीने लढा दिला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्या दिवसापासून कुठला बांबू, किती, कोणी नेला, हे ग्रामसभा स्वतःच्या सहीने लिहू लागली आणि बांबूचा पैसा गावात येऊ लागला. कंपन्या आज उपग्रहांच्या मदतीने जो माग शोधतात, तो इथे गावाने आपल्या जबाबदारीवर ठेवला. फरक इतकाच की इथे नोंद ठेवणारा आणि कमावणारा एकच आहे.

हा प्रश्न केवळ युरोप आणि खेड्यांमधला नाही. मधे आपण शहरातले खरेदीदार आहोत. पुण्याच्या शनिवार पेठेचे नाव ज्या वाड्याशी जोडलेले आहे, तो शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात उभा राहिला. त्याचे सागवान जुन्नरच्या जंगलातून आले, दगड चिंचवडच्या खाणींतून, चुना जेजुरीकडून. १८२८ च्या आगीत आतले लाकूडकाम जळून गेले, तरी ते कुठून आले होते हे आजही सांगता येते. त्याच पेठेत आज जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या दारांचे, चौकटींचे लाकूड कुठल्या जंगलातले, हे बांधणाऱ्याला सांगता येत नाही, विकणाऱ्यालाही नाही आणि घेणाऱ्याने ते विचारलेलेही नसते. दुकानात नावे असतात: बर्मा टीक, घाना टीक, सीपी टीक. बर्मा टीक म्हटले की ग्राहक खूश होतो आणि जास्त पैसे मोजतो. म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी उठावानंतर युरोपीय संघाने तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले, कारण सागाचा पैसा लष्कराकडे जात होता. आपल्याकडे अशी बंदी नाही आणि ग्राहकाच्या मनात तो प्रश्नही नाही.

देशी सागाची गोष्ट वेगळी आहे. बल्लारशाच्या आगारात लिलावाला येणाऱ्या ओंडक्यावर वनखात्याचा हातोड्याचा छाप असतो, सोबत वाहतूक परवाना असतो. मार्च २०२३ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीचा साग अयोध्येच्या मंदिरासाठी रवाना झाला, तो समारंभाने, मूळ गाव जाहीर करून. म्हणजे लाकडाचा माग ठेवणे आपल्या यंत्रणेला येते. जो नियम बल्लारशाच्या ओंडक्याला, तो बंदरात उतरणाऱ्या परदेशी ओंडक्याला का नसावा? देशी जंगल राखायचे आणि आपली हौस परक्या जंगलावर भागवायची, ही पर्यावरणाची काळजी म्हणता येणार नाही.

शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यांमधून निघणारे सागवानी खांब, तुळया आणि कडीपाट हे तर जंगल न तोडता मिळणारे सर्वांत चांगले लाकूड. ते बंगल्यांत आणि हॉटेलांत शोभेसाठी चढ्या दराने जाते. कुठल्या वाड्याचा कुठला खांब कुठे गेला, याची साधी नोंदवही ठेवली तरी शहराचा इतिहास आणि लाकडाचा माग दोन्ही जपले जातील. पुनर्विकासाला परवानगी देताना ही नोंद मागणे महापालिकेला अवघड नाही.

आता नेमके काय करावे? लिडकॉमने २०२५ मध्ये कोल्हापुरी चपलांसाठी क्यूआर कोड आणला. तो स्कॅन केला की कारागिराचे नाव, ठिकाण आणि वापरलेले साहित्य कळते. हे योग्य दिशेचे पाऊल आहे. त्यात दोन नोंदींची भर पडायला हवी: चामडे कुठल्या टॅनरीतून आले ही एक, आणि त्या जोडामागे कारागिराला किती मजुरी मिळाली ही दुसरी. पहिली नोंद शक्य व्हावी म्हणून कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक कत्तलखान्यापासून टॅनरीपर्यंत कातड्यासोबत नेण्याची सोय पशुसंवर्धन खात्याने करावी. दुसरी नोंद उघड झाली तर ८०० युरोंतला किती पैसा कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या कारागिराच्या घरात पोचला, हे जगभरच्या ग्राहकाला दिसेल. ब्रँड प्रामाणिक असेल तर त्याला ते दाखवण्यात अभिमानच वाटेल.

आदिवासी विकास महामंडळाने हिरड्याची खरेदी हंगामाच्या आधी दर जाहीर करून, दर वर्षी, न चुकता करावी आणि वजनाच्या पावतीवर ग्रामसभेचा शिक्का असावा. ती पावतीच मालाचे मूळ सांगणारा कागद होईल. त्यासाठी वेचणाऱ्याला वेगळ्या तपासनीसाच्या दारात जावे लागू नये. नैसर्गिक आपत्तीत जंगलातल्या झाडांच्या भरपाईचा नियमही एकदाचा लिहून काढावा, म्हणजे पुढचे वादळ आल्यावर पुन्हा मोर्चे काढावे लागणार नाहीत. परदेशी लाकडाच्या प्रत्येक खेपेसोबत मूळ देश आणि मूळ जंगल सांगणारा कागद असणे केंद्राने सक्तीचे करावे. तोपर्यंत पुण्यातल्या गृहनिर्माण संस्थांनी आपल्या करारात बिल्डरकडून तो मागावा. मागणाऱ्या सोसायट्यांची संख्या वाढली की टिंबर मार्केटही तो ठेवू लागेल.

आणि सर्वांत महत्त्वाचे, पुराव्याचा खर्च खरेदीदाराने उचलावा. जंगल तुटले नाही हे सिद्ध करण्याची गरज ब्रँडची आहे. त्या सिद्धतेने किंमत वाढते ती ब्रँडची. मग नकाशाचा, नोंदीचा, तपासणीचा पैसा कारागिराच्या आणि वेचणाऱ्याच्या मजुरीतून कापला जाऊ नये. यापुढे कोणत्याही परदेशी कंपनीशी करार करताना लिडकॉमने आणि आदिवासी विकास महामंडळाने दोन कलमे आग्रहाने मागावीत. एकात हा खर्च कंपनी देईल असे लिहावे, दुसऱ्यात जंगल राखणाऱ्याला आणि हाताने घडवणाऱ्याला मिळणारा किमान दर आकड्यात लिहावा. कंपनी ही कलमे नाकारत असेल, तर तो करार महाराष्ट्राच्या हिताचा नाही असे समजून सही थांबवावी.